नंदीध्वज पेलताना

संक्रांत जवळ आली की बाहेरगावचे पाहुणे आम्हा सोलापूरकरांना हमखास विचारतात, ‘‘एवढा उंच नंदीध्वज एकटा माणूस पेलतो तरी कसा?’’ श्रद्धेच्या बळावर, हे उत्तर खरेच आहे. पण त्या श्रद्धेच्या जोडीला कित्येक आठवड्यांचा सराव असतो. मी शाळेत विज्ञान शिकवले आणि तरुणपणी या सरावातही उतरलो. त्या अनुभवातून चार गोष्टी सांगतो.

आधी प्रसंग समजून घेऊ. बाराव्या शतकात श्री सिद्धरामेश्वरांनी सोलापुरात तलाव खोदवला, ६८ लिंगांची स्थापना केली. एका कुंभारकन्येने त्यांच्याशी विवाहाची इच्छा धरली, तेव्हा त्यांनी तिला आपल्या योगदंडाशी विवाह करण्यास अनुमती दिली, अशी कथा आहे. तोच विवाह दर जानेवारीत आपण गावभर पुन्हा साजरा करतो. योगदंडाचे प्रतीक असलेले सात नंदीध्वज मिरवणुकीने निघतात. ६८ लिंगांना तैलाभिषेक, मग संमती कट्ट्यावर अक्षता सोहळा, त्यानंतर होम असा क्रम असतो. मानकरी वेगवेगळ्या समाजांचे, अंगात मात्र सगळ्यांच्या पांढरी बाराबंदी.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. घरी एक प्रयोग करून पाहा. तळहातावर पेन्सिल उभी धरा, मग तशीच एखादी लांब काठी धरा. पेन्सिल क्षणात पडते, काठी जरा वेळ टिकते. उंच वस्तू कलायला वेळ घेते, आणि तेवढ्या वेळात आपल्याला हात तिच्याखाली नेता येतो. सुमारे तीस फुटांचा नंदीध्वजही असाच सावकाश कलतो. पण एकदा जास्त कलला की त्याचे वजन असे ओढते की दंडातली ताकद काही कामाची नाही.

म्हणून सरावातला पहिला धडा हातांचा नसतो, पायांचा असतो. शेंडा जिकडे कलेल, तिकडे पाऊल गेले पाहिजे. नवख्या मुलाचे उलट होते. तो पाय रोवून उभा राहतो आणि काठी हातांनी मागे ओढू पाहतो. जाणती मंडळी त्याला गुडघे किंचित सैल ठेवायला, भार कमरेवर घ्यायला, श्वास न कोंडायला शिकवतात. मग चालणे, वळणे आणि सर्वांत अवघड म्हणजे एकाकडून दुसऱ्याकडे ध्वज देणे. त्या क्षणी दोघांचा तोल एक व्हावा लागतो.

होमाच्या मिरवणुकीत नागफणी बांधलेला नंदीध्वज असतो. शेंड्याकडे वजन वाढले की कल आणखी सावकाश येतो, पण आवरायला कितीतरी जड जातो. वारा असेल तर विचारूच नका. चहूबाजूंनी गर्दी, वर विजेच्या तारा, ‘हर्र बोला हर्र’चा गजर, आणि मधोमध एका माणसाच्या पावलांवर सगळ्यांची सुरक्षितता. म्हणूनच सरावाला पर्याय नाही.

युरोपात हौशी मंडळी मध्ययुगीन लढायांचे प्रसंग उभे करतात. तिथली तलवारबाजीची जुनी परंपरा तुटली, त्यामुळे त्यांना पोथ्यांचा अर्थ लावत शिकावे लागते. इंग्लंडमधल्या लीड्सच्या शस्त्रसंग्रहालयात ढाल-तलवारीची अशी एक सचित्र पोथी आहे, सुमारे सातशे वर्षांपूर्वीची. पोथी उरली, पण पाऊल नेमके कसे पडायचे ते दाखवणारा गुरू उरला नाही. आपले याच्या उलट आहे. पोथी नाही, पण शिकवणारी माणसे आहेत. ही विद्या एका कमरेकडून दुसऱ्या कमरेकडे जाते. २०२१ मध्ये कोरोनामुळे यात्रेवर निर्बंध आले, तेव्हा मला पहिली काळजी हीच वाटली. उत्सव एखादे वर्ष साधेपणाने करता येतो. पण सरावाला येणारी मुले दोन-तीन वर्षे आलीच नाहीत, तर त्यांना शिकवणारेही तोवर थकलेले असतात.

म्हणून तरुणांना सांगणे एवढेच, की मिरवणुकीच्या दिवशी बाराबंदी घालण्याआधी सरावाच्या रात्री या. काठी हाती आली नाही तरी चालेल, जाणत्यांच्या शेजारून चाला. आणि पाहुण्यांनो, यंदा यात्रेला याल तेव्हा सगळ्यांसारखी मान वर करून शेंडा जरूर पाहा. पण घटकाभर नजर खाली आणून पेलणाऱ्याच्या पावलांकडेही पाहा. तुमच्या प्रश्नाचे उत्तर तिथे आहे.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)