गोदीची धूळ आणि दोन वर्षांची मुदत

मानोरा तालुक्यात जहाजावर काम केलेला माणूस शोधायला निघालात तर बराच वेळ जाईल. मुंबई इथून पाच-सहाशे किलोमीटरवर. पण पोहरादेवीच्या आसपासच्या तांड्यांतून आणि खेड्यांतून माणसं दरवर्षी पोटासाठी बाहेर पडतात. कुणी ऊसतोडीला जातं, कुणी पुण्या-मुंबईच्या बांधकामावर, कुणी ठेकेदार नेईल तिथं. ठेकेदार कधी जुनी इमारत पाडायला लावतो, कधी कारखान्यातल्या बॉयलरचं जुनं वेष्टण उतरवायला. काम संपतं, माणूस गावी येतो. वीस-पंचवीस वर्षांनी त्याला चार पायऱ्या चढताना दम लागतो, तेव्हा त्या जुन्या कामाची आठवण त्यालाही नसते आणि त्याला तपासणाऱ्या डॉक्टरलाही नसते. म्हणून गोदी कामगारांच्या छातीत गेलेल्या ॲस्बेस्टॉसच्या धुळीचा हा विषय मानोऱ्यातल्या वाचकानंही समजून घ्यावा असं मला कळकळीनं वाटतं.

ॲस्बेस्टॉस हा खाणीतून निघणारा दगड. तो फोडला की तंतू सुटतात. ते पिंजता येतात, विणता येतात, सिमेंटमध्ये कालवता येतात. आगीत जळत नाहीत, वाफेनं कुजत नाहीत, शिवाय स्वस्त. वाफेवर चालणाऱ्या जहाजाला याहून सोयीचं काही नव्हतं. बॉयलर, वाफेच्या नळ्या, इंजिनखोलीच्या भिंती, दारांच्या कडा, झडपांचे गॅस्केट, वेल्डरचे हातमोजे, ठिणग्या अडवायचं कापड, सगळीकडे तो असे. ‘सोलास’ या सागरी सुरक्षेच्या आंतरराष्ट्रीय करारानं जहाजांवर तो नव्यानं बसवायला १ जुलै २००२ पासून काही अपवाद ठेवून बंदी घातली. ते अपवादही १ जानेवारी २०११ ला संपले. त्याआधी बांधलेल्या बहुतेक मोठ्या जहाजांच्या पोटात तो कमी-जास्त प्रमाणात आहेच.

नळ्यांना वेष्टण घालायच्या कामाला ‘लॅगिंग’ म्हणतात. ॲस्बेस्टॉसची भुकटी पिंपात पाण्याबरोबर कालवायची, तो गारा हातानं नळीवर थापायचा, वाळला की वरून ॲस्बेस्टॉसचं कापड गुंडाळून सुईदोऱ्यानं शिवायचं. भुकटीची गोणी पिंपात उपडी करताना पहिला लोट उठे. जहाज दुरुस्तीला आलं की हेच वाळलेलं वेष्टण छिन्नी-हातोडीनं ठोकून काढायचं, तेव्हा त्याहून मोठा लोट. बॉयलरखोलीत माणसाला नीट वळायलाही जागा नसते आणि वारा तर नसतोच. लॅगिंग करणारे दोघं असले तरी त्याच खोलीत फिटर, वेल्डर, वायरमन, रंगारी आणि शेवटी झाडू मारणारा असे. धूळ सगळ्यांच्याच छातीत जाई. संध्याकाळी कपड्यांवर बसून ती चाळीतल्या खोलीत येई आणि ते कपडे झटकून धुणाऱ्या बायकोच्या श्वासात जाई. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या गोद्यांमध्ये लाखो माणसं राबली. पुढं त्यांच्यात आणि त्यांच्या घरच्यांत या धुळीचे आजार दिसले, तेव्हा हा सगळा मार्ग डॉक्टरांना उलगडला.

मुंबईची गोदी जुनी. लवजी नसरवानजी वाडिया १७३० च्या दशकात सुरतेहून जहाजं बांधायला इथं आले. माझगाव डॉक १९६० मध्ये सरकारी मालकीचा झाला. तिथं बांधलेली ‘निलगिरी’ ही युद्धनौका १९७२ मध्ये नौदलात आली आणि १९८१ पर्यंत तिच्यासारख्या आणखी पाच आल्या. सगळ्या वाफेवर चालणाऱ्या. जगभरच्या गोद्यांत ॲस्बेस्टॉसचं लॅगिंग सर्रास चालू होतं, त्याच काळातलं हे काम. तेव्हा विशी-तिशीत असलेला कामगार आज सत्तरी-ऐंशीला पोचला आहे, आणि या धुळीचा आजार डोकं वर काढतो तो नेमका याच वयात.

जहाज बांधताना बसवलेला ॲस्बेस्टॉस जहाज तोडताना बाहेर येतो. रे रोड स्टेशनच्या पलीकडचा दारूखाना हा मुंबईतला जहाजतोडणीचा जुना पट्टा. भारताची पहिली विमानवाहू ‘विक्रांत’ २०१४ मध्ये इथंच तोडायला आली. यातलं मोठं काम गुजरातेत अलंगला चालतं. फ्रान्सची ‘क्लेमांसो’ ही विमानवाहू नौका ३१ डिसेंबर २००५ ला अलंगकडे निघाली. तिच्यातल्या ॲस्बेस्टॉसवरून दोन्ही देशांत वादळ उठलं आणि १५ फेब्रुवारी २००६ ला राष्ट्राध्यक्ष शिराक यांनी ती परत बोलावली. शेवटी ती इंग्लंडमध्ये हार्टलपूलला तोडली गेली. त्याच सुमारास सर्वोच्च न्यायालयाच्या तांत्रिक समितीपुढं अलंगच्या कामगारांची तपासणी आली. ॲस्बेस्टॉस हाताळणाऱ्या ९४ जणांच्या छातीचे एक्स-रे अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेनं पाहिले, तेव्हा १५ जणांच्या फुप्फुसांवर रेघांसारख्या सावल्या दिसल्या. शंभरात सोळा. त्या सावल्यांसाठी कुणी जहाज परत बोलावलं नाही.

आजार तीन प्रकारचे. ॲस्बेस्टॉसिसमध्ये फुप्फुसात तंतू रुततात, भोवती व्रण धरतो आणि फुप्फुस हळूहळू ताठर होतं. कोरडा खोकला येतो, दम लागतो, डॉक्टरांना पाठीशी खालच्या बाजूला बारीक करकर ऐकू येते. दुसरा फुप्फुसाचा कर्करोग, आणि विडी-सिगारेट ओढणाऱ्याला त्याचा धोका कितीतरी पटींनी वाढतो. तिसरा मेसोथेलिओमा, म्हणजे फुप्फुसावरच्या किंवा पोटातल्या आवरणाचा कर्करोग. तो थोड्या संपर्कानंही होऊ शकतो आणि निदानानंतर माणूस फार दिवस काढत नाही. धूळ छातीत गेल्यापासून आजार दिसेपर्यंत वीस, तीस, कधी चाळीस वर्षं जातात. आपल्याकडे खोकला आणि खंगलेलं अंग म्हटलं की क्षयाचीच औषधं आधी सुरू होतात. ‘तुम्ही काय काम केलं?’ हा प्रश्न कुणी विचारत नाही. विचारला तरी शेतकरी उत्तर देतो, ‘शेती’.

नुकसानभरपाईची गोष्ट इंग्लंडमधल्या रॉचडेलमध्ये सुरू होते. तिथल्या टर्नर ब्रदर्सच्या ॲस्बेस्टॉस गिरणीत नेली केर्शॉ नावाची बाई कामाला होती. ती १९२४ मध्ये ३३ व्या वर्षी वारली. डॉ. विल्यम कुक यांनी तिच्या फुप्फुसांत ॲस्बेस्टॉसचे कण दाखवून दिले आणि या आजाराला वैद्यकात नाव मिळालं. कंपनीनं मात्र अंत्यविधीच्या खर्चालाही हात लावला नाही. याच घराण्याची टर्नर अँड न्यूअल कंपनी पुढं भारतात आली. घाटकोपरची हिंदुस्तान फेरोडो तिच्याच गोतावळ्यातली. ब्रेक लायनिंग आणि ॲस्बेस्टॉसचं कापड तिथं तयार होई. या कारखान्याचं नाव पुढं हिंदुस्तान कंपोझिट्स झालं. शीव रुग्णालयातले सर्जन डॉ. व्ही. मुरलीधर आणि कामगारांच्या आरोग्यासाठी झटणारे विजय कान्हेरे यांनी तिथल्या १८१ कामगारांची तपासणी केली आणि तिचे निष्कर्ष २००५ मध्ये प्रसिद्ध झाले. पाचातल्या एकाहून अधिक कामगारांना ॲस्बेस्टॉसिस होता. टर्नर अँड न्यूअलची मालक कंपनी २००१ मध्ये दिवाळखोरीत गेली आणि पीडितांसाठी न्यास उभे राहिले. त्या निधीकडे भारतातल्या जुन्या कामगारांनीही दावे केले. परदेशी मालकाकडून इथल्या कामगारानं पैसे मागायची ही वाट अवघड होती, पण ती उघडली ती कामगारांनी स्वतः तपासण्या करून घेतल्या आणि कागद जमवले म्हणून.

आपल्या न्यायालयांनी काहीच केलं नाही असं नाही. ‘कन्झ्युमर एज्युकेशन अँड रिसर्च सेंटर’च्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयानं २७ जानेवारी १९९५ ला दिलेला निकाल प्रत्येक कामगार संघटनेच्या कचेरीत लावून ठेवावा असा आहे. कामगाराचं आरोग्य हा जगण्याच्या मूलभूत हक्काचाच भाग आहे, असं न्यायालयानं म्हटलं. ॲस्बेस्टॉसच्या कारखान्यांनी प्रत्येक कामगाराची आरोग्यनोंद कामाला लागल्यापासून ४० वर्षं किंवा काम सुटल्यापासून १५ वर्षं, यांत जे उशिरा येईल तोवर जपावी, असा आदेश दिला. त्या प्रकरणात ज्यांना आजार असल्याचं सिद्ध होईल त्यांना १ लाख रुपये द्यायला सांगितलं. ॲस्बेस्टॉसवर बंदी मागणारी याचिका मात्र २०११ मध्ये फेटाळली गेली.

आता कायद्याकडे येऊ. २०२५ पर्यंत लागू असलेल्या १९२३ च्या कर्मचारी नुकसानभरपाई कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीत ॲस्बेस्टॉसिस आहे आणि ॲस्बेस्टॉसमुळे होणारा फुप्फुसाचा कर्करोगही आहे. यादीतला आजार यादीतल्या कामावर जडला, तर तो कामामुळेच झाला असं कायदा धरून चालतो. तसं नाही हे मालकानं सिद्ध करायचं. काम ठेकेदाराकडे केलं असलं तरी मूळ मालकाची जबाबदारी सुटत नाही. चार मालकांकडे काम केलं असेल तर नुकसानभरपाई आयुक्त चौघांत रक्कम वाटून देऊ शकतात. दावा मुंबईतच लावायला हवा असंही नाही. कामगार किंवा त्याची विधवा जिथं राहते त्या भागाच्या आयुक्तांकडेही तो दाखल होतो. म्हणजे मुंबईच्या गोदीत मुरलेल्या आजाराचा दावा मानोऱ्यातल्या बाईला वऱ्हाडातूनच लढता येतो. ही सवलत फार थोड्यांना ठाऊक आहे.

खरी अडचण मुदतीची आहे. दावा दोन वर्षांत करायचा असतो. काम सुटल्यानंतर दोन वर्षांच्या आत लक्षणं दिसली तर ती दिसल्याचा दिवस अपघाताचा दिवस धरतात. पण हा आजार तीस वर्षांनी दिसतो! हातपाय तुटण्याच्या अपघाताचा हिशेब डोळ्यासमोर ठेवून केलेली ही तरतूद छातीत वर्षानुवर्षं साचणाऱ्या धुळीला लावणं मला सरळ अन्याय वाटतो. पुरेसं कारण असेल तर उशीर माफ करायचा अधिकार आयुक्तांना आहे, आणि जुन्या कामगाराचा सारा भरवसा त्यावरच. रकमेचं गणित सोपं आहे. पूर्ण कायमचं अपंगत्व आलेल्या ६५ वर्षांच्या माणसाच्या मासिक वेतनाचे ६० टक्के घ्यायचे आणि त्याला ९९.३७ नं गुणायचं. वेतनाची २०२० पासूनची कमाल मर्यादा १५,००० रुपये धरली तर ८,९४,३३० रुपये होतात. अपंगत्व ४० टक्के ठरलं तर ३,५७,७३२. पण ज्याचं वेतन जुन्या काळातलं, काही हजारांचं, त्याच्या हाती याच्या कितीतरी कमी येतं. या कायद्याची जागा २०२५ मध्ये २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेनं घेतली, तेव्हा आपला दावा कोणत्या तरतुदीत बसतो ते वकिलाकडून आधी तपासून घ्यावं.

ज्यांचा ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) कापला जात होता त्यांनी ईएसआय महामंडळाकडेच जायचं. तिथं वैद्यकीय मंडळ अपंगत्व ठरवतं आणि दरमहा रक्कम सुरू होते. दोन्हीकडून भरपाई मिळत नाही. नौदलाच्या गोदीतले नागरी कर्मचारी केंद्र सरकारचे, त्यांच्यासाठी असाधारण निवृत्तिवेतनाचे नियम आहेत.

या सगळ्याला कागद लागतो. जुना गेटपास, हजेरीकार्ड, पगाराची चिठ्ठी, भविष्यनिर्वाह निधीचा क्रमांक, युनियनच्या वर्गणीची पावती, यांतलं जे ट्रंकेत पडलं असेल ते फेकू नका. काहीच नसेल तर बरोबर काम केलेल्या दोघांची प्रतिज्ञापत्रं करून घ्या, ते हयात आहेत तोवर. माझगाव डॉकसारख्या सरकारी कंपनीकडे माहितीच्या अधिकारात आपली सेवानोंद आणि आरोग्यनोंद मागता येते. डॉक्टरकडे गेलात तर आपण होऊन सांगा, की अमुक साली अमुक ठिकाणी धुळीत काम केलं. साध्या एक्स-रेवर भागवू नका, छातीचा एचआरसीटी (बारकाईचा सीटी स्कॅन) आणि फुप्फुसांच्या क्षमतेची चाचणी मागा. अकोला आणि यवतमाळची शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं आपल्याला जवळची. कारखान्यातल्या कामगाराला ॲस्बेस्टॉसिस झाल्याचं दिसलं तर कारखाना निरीक्षकांना कळवणं हे कायद्यानं डॉक्टरांचं कर्तव्य आहे. तेही त्यांना अदबीनं सांगा. वकिलाच्या फीची चिंता असेल तर विधी सेवा प्राधिकरण कायद्यात औद्योगिक कामगाराला मोफत वकील मिळतो, बायकांना आणि अनुसूचित जाती-जमातींनाही. मदतवाहिनी १५१००.

आणि आपल्या डोक्यावरचं छप्पर? तालुक्यात फिरलात तर सिमेंटचे पत्रे जागोजागी दिसतात. घरावर, गोठ्यावर, शेडवर. यांतले बरेचसे ॲस्बेस्टॉस-सिमेंटचे. साठाहून अधिक देशांनी या खनिजावर बंदी घातली असताना आपण ते रशिया-कझाकस्तानातून आणतोच आहोत. धड, न फुटलेला पत्रा फारसा त्रास देत नाही. तो करवतीनं कापू नका, ड्रिल मारू नका, उतरवायचा असेल तर आधी पाण्यानं चिंब भिजवा, तुकडे करू नका आणि त्याचा चुरा रस्त्याच्या खड्ड्यात घालू नका.

राजस्थाननं २०१९ मध्ये सिलिकोसिससह धुळीच्या आजारांसाठी धोरण आणलं. आजाराचं प्रमाणपत्र मिळताच ३ लाख आणि मृत्यूनंतर वारसाला २ लाख रुपये सरकार देतं. मालक कोण होता याची शहानिशा होईपर्यंत रुग्णाला ताटकळत ठेवत नाही. जपाननं २००६ मध्ये कायदा करून कारखान्याशेजारी राहणाऱ्या पीडितांनाही मदत देऊ केली. महाराष्ट्राकडे गोदी आहे, दारूखाना आहे, घाटकोपरचा अनुभव आहे. तेव्हा अशी योजना महाराष्ट्रातही हवी, आणि दोन वर्षांची मुदत निदानाच्या दिवसापासून मोजली जायला हवी. मानोरा तालुक्यातल्या ग्रामपंचायतींनी बाहेर कामाला गेलेल्यांची एक वही आतापासून ठेवावी: कोण, कुठं, कोणत्या कामावर, किती वर्षं. पुढच्या ग्रामसभेत हा ठराव मांडा.