सही जुळत नाही

बँकेत तीस वर्षे काढलेल्या माणसाला एक खोड कायमची जडते. कुठेही सही दिसली की तो ती वाचत नाही, तपासतो. आमच्या वेळी चेक समोर आला की खणातून खातेदाराचे नमुना सहीचे कार्ड काढायचे, दोन्ही शेजारी ठेवायचे आणि डोळे बारीक करायचे. जुळली तर पैसे. नाही जुळली तर चेकला चिठ्ठी लावून परत. चिठ्ठीवर तीनच शब्द : सही जुळत नाही.

निवृत्तीनंतर ही विद्या कुठे कामी येईल असे वाटले नव्हते. पण गेल्या वर्षी बहिणीकडे न्यू जर्सीत, एडिसनला गेलो होतो. तिचा तेरा वर्षांचा मुलगा बेसबॉलवेडा. दुसऱ्याच दिवशी त्याने कपाटातून एक कार्ड जपून आणून माझ्या हातात दिले. न्यूयॉर्क यांकीज संघाचा डेरेक जीटर. वीस हंगाम एकाच संघातून खेळून २०१४ साली निवृत्त झालेला, त्या गावचा लाडका खेळाडू. कार्डावर निळ्या शाईत त्याची सही. वाढदिवसाला आणि दिवाळीला मिळालेले पैसे साठवून पोराने ते इंटरनेटवरून ऐंशी डॉलरना घेतले होते. सोबत सोनेरी काठाचे, गरुडाचे चित्र असलेले प्रमाणपत्र.

"मामा, बघ ना! खरी सही आहे."

मी बघितले, आणि खोड आडवी आली.

ज्यांचे बालपण ऐंशीच्या दशकात गेले त्यांना 'बिग फन' च्युइंगमबरोबर मिळणारी क्रिकेटपटूंची चित्रे आठवत असतील. अमेरिकेत हाच प्रकार शंभर वर्षांहून जुना आहे. आधी सिगारेटच्या पाकिटांतून, मग च्युइंगमबरोबर, आणि आता नुसत्या कार्डांची पाकिटे. आपल्याकडे ती चित्रे मोठेपणी रद्दीत गेली. तिकडे त्यांचा बाजार उभा राहिला. टॉप्स कंपनीचे १९५२ सालचे मिकी मॅन्टलचे एक कार्ड ऑगस्ट २०२२ मध्ये लिलावात एक कोटी सव्वीस लाख डॉलरना गेले. गंमत म्हणजे त्यावर मॅन्टलने स्वतः केलेली सही नाही. जी दिसते ती छापलेली, चित्राचाच भाग. नवशिक्या गिऱ्हाइकाची पहिली फसगत अशा छापील सहीपाशीच होते. भिंग धरले की छपाईचे ठिपके दिसतात. शाईला ठिपके नसतात.

पूर्वी सही मिळवायची तर मैदानाच्या कठड्याशी ताटकळायचे, नाहीतर कार्ड आणि परतीचे पाकीट टपालाने खेळाडूकडे धाडून वाट पाहायची. १९९० साली अपर डेक कंपनीने रेजी जॅक्सनकडून अडीच हजार कार्डांवर सह्या करवून घेतल्या आणि ती पाकिटांत मिसळून दिली. पाकीट फोडणाऱ्याला लॉटरी लागल्यासारखे! तेव्हापासून सही ही आठवण न राहता माल झाली. दोन-चार डॉलरच्या कार्डाची किंमत एका रेघोटीने कित्येक पटींनी वाढते म्हटल्यावर रेघोट्या ओढणारे निघणारच.

ते किती निघाले याचा हिशेब अमेरिकेच्या केंद्रीय तपास यंत्रणेने, एफबीआयने, नव्वदच्या दशकातच मांडला. शिकागोत खोट्या सह्यांचा तपास सुरू झाला आणि धागा कॅलिफोर्नियात सॅन दिएगोपर्यंत पोहोचला. तिथल्या मोहिमेचे नाव 'ऑपरेशन बुलपेन'. बुलपेन म्हणजे मैदानातली राखीव गोलंदाजांची सरावाची जागा; नावात 'पेन' आले हे फारच चपखल. जपानला माल पाठवणारे व्यापारी असल्याची बतावणी करून तपास अधिकारी टोळीत शिरले. माल समुद्रापार जाणार, तिथे कोण तपासतो, म्हणून टोळीवालेही निर्धास्त. ऑक्टोबर १९९९ मध्ये ठिकठिकाणी एकदम छापे पडले. या टोळीने दहा कोटी डॉलरपर्यंतचा खोटा माल बाजारात आणल्याचा तपास यंत्रणेचा अंदाज होता. मालात बेसबॉलच्या चेंडूवर मदर तेरेसांची सहीसुद्धा होती! मदर तेरेसांनी बेसबॉलच्या चेंडूवर सही कधी आणि का करावी, हा प्रश्न घेणाऱ्याला पडला नाही. हौस अशीच असते. आधी विश्वास बसतो, प्रश्न मागाहून सुचतात.

त्याच शहरातल्या पॅड्रेस संघाचा टोनी ग्विन हा मोठा फलंदाज. त्याच्याच संघाच्या दुकानात त्याच्या सहीचा माल विकायला होता. ग्विनने तो पाहिला आणि सांगितले, ही सही माझी नाही. खातेदारच काउंटरवर येऊन उभा राहिला, आणि चेक खोटा निघाला!

मग खरी सही ओळखायची कशी? आमच्या बँकेत नव्या कारकुनाला हेड क्लार्क पहिल्या दिवशी सांगत : अक्षराचा आकार बघू नकोस, हात बघ. खरा माणूस सही लिहितो, खोटा माणूस ती काढतो. सगळे शास्त्र या एका वाक्यात आले. हजारो वेळा सही केलेला हात धावतो. पेन कागदाला टेकण्याआधीच त्याला गती असते. म्हणून रेघ सुरुवातीला बारीक, मध्ये भरीव आणि शेवटी निमुळती होत उडून जाते. नक्कल करणाऱ्याचे डोळे नमुन्यावर असतात, हात सावकाश चालतो. रेघ सगळीकडे सारख्याच जाडीची येते. सुरुवातीला आणि शेवटी शाईचा थेंब साचतो. जिथे थांबायचे कारण नाही तिथे पेन उचललेले दिसते, आणि एखादे वळण चुकले की ते पुन्हा गिरवलेले असते.

पण रेघ थरथरते म्हणून लगेच खोटी ठरवू नये. म्हाताऱ्या खेळाडूचा हात थरथरतोच. पेन्शनर खातेदारांच्या सह्या पाहून आम्हाला हा फरक कळला होता. म्हाताऱ्याची थरथर सहीभर सारखी असते, आणि त्या थरथरीतूनही हात ठरलेल्या वाटेने बेधडक जातो. नक्कल करणाऱ्याची थरथर अवघड वळणांवर येते आणि सोप्या रेघेवर नाहीशी होते.

उलट, सही नमुन्याशी तंतोतंत जुळली तर अधिक सावध व्हावे. कोणताही माणूस दोनदा अगदी एकसारखी सही करत नाही. एका सहीवर दुसरी ठेवली आणि केसाचाही फरक पडला नाही, तर ते शिक्क्याचे किंवा सही करणाऱ्या यंत्राचे काम समजावे. अशी यंत्रे आहेत आणि नामवंतांच्या कचेऱ्यांत ती वापरलीही गेली आहेत.

दुसरी परीक्षा पंचांगाची. सामान्य माणसाने ती आधी करावी, कारण तिला भिंगही लागत नाही. अमेरिकेच्या बाजारात बॉलपेन आले १९४५ च्या अखेरीस. लू गेरिग वारला १९४१ मध्ये. तेव्हा बॉलपेनने केलेली गेरिगची सही कितीही सुबक असली तरी ती त्याची नव्हे. जाड टोकाचे शार्पी मार्कर आले १९६४ साली; टाय कॉब त्याआधी तीन वर्षे गेला होता. मिकी मॅन्टल १९९५ च्या ऑगस्टमध्ये वारला. त्यानंतर छापलेल्या कार्डावर त्याच्या हातची सही असेल तर ती आधी दुसऱ्या कागदावर केलेली आणि कापून चिकटवलेली असली पाहिजे. कार्ड कंपन्या जुन्या चेकांवरच्या सह्या अशा कापून कार्डांत बसवतात. आम्हा बँकवाल्यांना चेकाची ती गत पाहून वाईट वाटते, पण ते कार्ड खोटे नव्हे.

खरे-खोटे यांच्या मधलाही एक प्रांत आहे. 'शूलेस' जो जॅक्सन या जुन्या खेळाडूला लिहिता-वाचता येत नसे. त्याच्या नावाच्या कितीतरी सह्या त्याची पत्नी केटी हिने केलेल्या. कामाच्या रगाड्यात काही खेळाडूंनी सह्यांचे गठ्ठे ड्रेसिंगरूममधल्या पोऱ्यांकडे सोपवल्याचीही उदाहरणे आहेत. फसवण्याचा हेतू नसतो. पण सही त्या माणसाची नसते, हेही तितकेच खरे.

आता प्रमाणपत्राकडे येऊ. इथेच ग्यानबाची मेख आहे. गिऱ्हाईक सहीकडे एक नजर टाकते आणि प्रमाणपत्राकडे दहा. पण सही खोटी करायला निदान हात बसवावा लागतो. प्रमाणपत्राला छापखाना पुरतो. बुलपेनच्या टोळीनेही खोट्या सह्यांबरोबर प्रमाणपत्रे दिलीच होती. म्हणून कागद देणारा कोण हे आधी विचारावे. विक्रेत्याने स्वतःच दिलेले प्रमाणपत्र म्हणजे आंबेवाल्याने 'हापूसच आहे' म्हणून शपथ घेणे. पीएसए, जेएसए, बेकेट यांसारख्या तपासणी कंपन्यांचा शेरा हे जाणकाराचे मत असते. मताला वजन आहे, पण सही होताना ते तिथे नव्हते. साक्ष ही त्याहून वरची. ग्विनसारख्या प्रकरणांनंतर अमेरिकेच्या मुख्य बेसबॉल संघटनेने २००१ पासून नवी पद्धत सुरू केली. खेळाडू सही करताना नेमलेला साक्षीदार समोर उभा असतो आणि वस्तूला लगेच क्रमांकाचा होलोग्राम लागतो. कार्ड कंपनीने स्वतः सह्या करवून घेतलेल्या कार्डाच्या पाठीमागे तसा मजकूर छापलेला असतो. मात्र त्यातही काही सह्या पारदर्शक चिकटपट्टीवर केलेल्या आणि नंतर कार्डाला लावलेल्या असतात. सही खरी, पण कार्डाला खेळाडूचा हातही लागलेला नाही!

होलोग्रामचीही नक्कल होते, म्हणून क्रमांक कंपनीच्या नोंदीत स्वतः पाहावा, आणि तिथे लिहिलेली वस्तू हातातलीच आहे ना हेही पाहावे. खरा क्रमांक खोट्या वस्तूला चिकटवणे ही जुनी युक्ती आहे.

इंटरनेटवर आणखी एक अडचण : वस्तू हातात येत नाही, येतो फोटो. तेव्हा सहीइतकाच विक्रेता तपासावा. फोटो धूसर आहे काय? मोठा फोटो मागितल्यावर तो टाळाटाळ करतो काय? एकाच माणसाकडे पन्नास खेळाडूंच्या सह्या, आणि सगळ्या एकाच निळ्या मार्करच्या? 'आजोबांच्या ट्रंकेत सापडले, मला त्यातले कळत नाही' अशी गोष्ट जोडलेली? 'परत घेतले जाणार नाही' ही ओळ बारीक अक्षरात? आणि सर्वांत मोठ्याने बोलणारी खूण म्हणजे किंमत. ज्या सहीला बाजारात तीनशे डॉलर मिळतात ती कोणी ऐंशीला विकत असेल, तर तो दानशूर तरी असावा किंवा त्याला ती ऐंशी पैशांना पडलेली असावी.

भाच्याच्या कार्डाकडे परत येतो. रेघ सगळीकडे सारखी जाड होती. दोन ठिकाणी पेन उचललेले होते. मी त्याला काही सांगितले नाही. आईचे जुने भिंग मागवले, कार्ड कंपनीने स्वतः करवून घेतलेल्या जीटरच्या सह्यांचे मोठे फोटो त्यालाच संगणकावर शोधायला लावले आणि म्हटले, तूच जुळव. पाऊण तास तो वाकून बसला होता. मग त्याच विक्रेत्याची विकली गेलेली इतर कार्डे त्यानेच काढली. चार जीटर. चारही सह्यांना तीच दोन थांबण्याची ठिकाणे.

"जुळत नाही, मामा," तो म्हणाला. सर्टिफिकेट त्याने उलटे करून ठेवले.

बहीण माझ्यावर रागावली. "पोर खुश होतं, तुला काय गरज होती?" तिचेही चूक नव्हते. ऐंशी डॉलर काही प्राण नेत नाहीत. पण मला वाटले, खोट्या सहीने त्याचे पैसे नेले होते. गप्प राहिलो असतो तर त्याची नजरही गेली असती.

तक्रार केल्यावर पैसे मिळणार होते. अट एकच, कार्ड परत पाठवायचे. पाकीट बंद करताना भाच्याने विचारले, "पण मग तो ते दुसऱ्या कुणाला विकेल ना?" तीस वर्षांच्या नोकरीत या प्रश्नाचे उत्तर मी शिकलो नव्हतो. बँकेत आम्ही चेक परत करत होतो. पुढे त्याचे काय झाले हे विचारायची पद्धत नव्हती. पैसे आले. दहा-बारा दिवसांनी तेच कार्ड, कोपऱ्यावरच्या त्याच बारीक चिरेसह, वेगळ्या नावाने पुन्हा विक्रीला दिसले. पोराने स्वतः इंग्रजीत सविस्तर तक्रार लिहिली : सही कुठे थांबते, रेघ कुठे जाड होते, सगळे. दोन दिवसांनी ती जाहिरात निघाली. कार्ड कुठे गेले, देव जाणे.

परतण्याआधी एका संध्याकाळी आम्ही जवळच ब्रिजवॉटरला सॉमरसेट पेट्रियट्सचा सामना पाहायला गेलो. यांकीजची ही धाकटी पाती. उद्याचे खेळाडू इथे तयार होतात. सामन्याआधी कठड्याशी पोरांची गर्दी होती. विशीतल्या एका खेळाडूने भाच्याचे कार्ड घेतले, कठड्यावर टेकवले आणि मान वर न करता सही केली. मागून कोणीतरी ढकलले, शेवटचे अक्षर लांबले.

त्या खेळाडूचे नाव मला आता आठवत नाही. बाजारात त्या कार्डाला डॉलरही येणार नाही. भाच्याने ते उजेडात धरून पाहिले, रेघेच्या शेवटापर्यंत बोट नेले आणि खिशात ठेवले. प्रमाणपत्र त्याने मागितले नाही.