डोळ्याची तोंडाकडून उसनवारी

पानाच्या डब्यांतील चुना दिसण्यांत निरुपद्रवी. परंतु पुडी फोडतांना तोच एखाद्या मुलाच्या डोळ्यांत उडाला, म्हणजे थोडक्याच वेळांत दृष्टीवर घाला पडतो. अशा डोळ्याचें नेमकें काय बिघडतें, हें समजण्यास त्याची रचना आधीं ध्यानांत घेतली पाहिजे.

बुबुळावर घड्याळाच्या काचेसारखें एक पारदर्शक पटल असतें. त्याच्या पृष्ठभागावरील पेशी सतत झिजून गळतात व त्यांची जागा नव्या पेशी घेतात. हा पुरवठा ज्या पेशींपासून होतो त्यांस मूलपेशी म्हणतात. त्यांचें ठाणें पटलाच्या मध्यावर नसून, पटल डोळ्याच्या पांढऱ्या भागास जेथें मिळतें त्या अरुंद कडेवर असतें. ही कड भाजून निघाली, कीं पुरवठा खुंटतो. पांढऱ्या भागावरील आवरण रक्तवाहिन्यांसह आंत पसरतें आणि काच धुरकटते. त्यावर मृताच्या डोळ्याचें पटल बसविलें, तरी तें टिकत नाहीं. झराच आटल्यावर विहीर नव्यानें बांधून काय उपयोग?

एक डोळा शाबूत असल्यास झरा रुग्णाजवळच असतो. १९९७ सालीं इटलींतील ग्राझिएला पेलेग्रिनी, मिकेले डी लूका प्रभृति संशोधकांनीं चांगल्या डोळ्याच्या कडेचा कणभर तुकडा प्रयोगशाळेंत वाढवून त्याचा पापुद्रा दोघां रुग्णांच्या अधू डोळ्यांवर बसविला. पुढें ११२ रुग्णांचा वृत्तांत २०१० सालीं प्रसिद्ध झाला. त्यांत सुमारें ७७ टक्के डोळ्यांत हा उपाय सफल झाला. हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेंतील वीरेंद्र सांगवान व त्यांचे सहकारी यांनीं तर प्रयोगशाळाच वगळली. तुकड्याचे बारीक कण वारेच्या पातळ पडद्यावर मांडून ते थेट डोळ्यावरच वाढूं द्यावयाचे, ही त्यांची पद्धति २०१२ सालीं प्रसिद्ध झाली.

परंतु दोन्ही डोळे गेल्यास? दुसऱ्याच्या मूलपेशी शरीर परक्या समजून झिडकारतें, आणि तें थोपविणारीं औषधें दीर्घकाळ घ्यावीं लागतात. म्हणून रुग्णाच्याच देहांत दुसरा झरा शोधणें भाग पडलें. जपानमधील कोजी निशिदा यांनीं तोंडाकडे लक्ष वळविलें. गालाच्या आंतील आवरण सदैव ओलें असतें, झिजतें आणि झटपट भरूनही येतें. अर्थात् तेथेंही मूलपेशी आहेत. तेथील ३ मिलिमीटर लांब व तितकाच रुंद तुकडा वाढवून तयार केलेला पापुद्रा त्यांनीं चार रुग्णांच्या डोळ्यांवर बसविला. चौघांचीही दृष्टि सुधारल्याचें २००४ सालीं प्रसिद्ध झालें. अशा प्रकारच्या उपचारास जपान सरकारनें २०२१ सालीं मान्यता दिली.

तथापि तोंडाच्या पेशी डोळ्यावर नांदल्या, तरी माहेरचें वळण पूर्णपणें सोडीत नाहींत. पटलाच्या कडेनें बारीक रक्तवाहिन्या पुष्कळदां उगवतात व मूळची निर्मळता सर्वस्वीं येत नाहीं. नव्या स्थानीं मूलपेशी सांपडणें ही शोधाची केवळ पहिली पायरी होय. त्या पेशींनीं परक्या ठिकाणीं तेथलें काम वर्षानुवर्षें करावें, ही खरी कसोटी.

तोंवर मूळची कड सांभाळणें हेंच श्रेयस्कर. चुना मुलांच्या हातीं लागूं देऊं नये. डोळ्यांत गेलाच, तर पापण्या उघड्या धरून स्वच्छ पाण्याच्या धारेखालीं निदान पंधरावीस मिनिटें डोळा धुवावा, आणि पापणीखालीं अडकलेले कण काढण्यासाठीं मुलास विनाविलंब डॉक्टरांकडे न्यावें.