फुप्फुसशोथ, आरोग्यसेवासंलग्न

आरोग्यसेवासंलग्न फुप्फुसशोथ : फुप्फुसातील वायुकोशांत जंतुसंसर्गामुळे दाहयुक्त सूज येऊन ते स्रावाने भरतात व रक्ताला ऑक्सिजन मिळण्यात अडथळा येतो. या विकारास फुप्फुसशोथ किंवा न्यूमोनिया म्हणतात. संसर्गाच्या ठिकाणावरून त्याचे प्रकार पाडतात. नेहमीच्या व्यवहारात वावरत असताना झालेला तो समाजार्जित. रुग्णालयात दाखल झाल्यावर ४८ तासांनी वा त्यानंतर उद्‌भवलेला तो रुग्णालयार्जित. आणि श्वासनलिकेत नळी घालून कृत्रिम श्वसन सुरू केल्यावर ४८ तासांनंतर उद्‌भवलेला तो श्वसनयंत्रसंलग्न होय. घरी राहूनही रुग्णालयाशी वारंवार संबंध येणाऱ्या रुग्णांसाठी अमेरिकेतील तज्ज्ञसंस्थांनी २००५ मध्ये आरोग्यसेवासंलग्न हा आणखी एक वर्ग कल्पिला.

व्याप्ती : मागील ९० दिवसांत किमान दोन दिवस रुग्णालयात राहिलेले, शुश्रूषागृहात दीर्घकाळ राहणारे, मागील ३० दिवसांत शिरेतून प्रतिजैव औषधे, कर्करोगावरील रासायनिक चिकित्सा किंवा जखमेची शुश्रूषा घेतलेले आणि नियमित डायलिसिस करून घेणारे रुग्ण या वर्गात धरले गेले. उदा., इंदापूर तालुक्यातील वरकुटे येथे राहणारा व डायलिसिससाठी आठवड्यातून दोनतीनदा बारामतीस जाणारा शेतकरी घरीच आजारी पडला, तरी या व्याख्येप्रमाणे तो समाजार्जित वर्गात येत नाही.

कारणे : समाजार्जित प्रकारात न्यूमोकॉकस हा जंतू प्रमुख असून तो बहुधा पेनिसिलीन गटातील औषधांना दाद देतो. पुणे जिल्ह्यातच पिंपरी येथे हिंदुस्थान अँटिबायॉटिक्स या सरकारी कारखान्यात १९५५ पासून पेनिसिलिनाचे उत्पादन सुरू झाले आणि हे औषध देशात तयार होऊ लागले. रुग्णालयांत मात्र पेनिसिलिनास न जुमानणाऱ्या जंतूंचे प्राबल्य असते. भारतात क्लेब्सिएल्ला, स्यूडोमोनस व ॲसिनेटोबॅक्टर हे त्यांपैकी मुख्य होत. यांतील अनेक वाण प्रतिजैवाचा रेणू फोडणारी एंझाइमे निर्माण करतात. एनडीएम-१ हे अशा एंझाइमांपैकी एक असून राखीव मानल्या जाणाऱ्या कार्बापेनेम गटातील औषधांनाही ते निष्प्रभ करते. ऑगस्ट ते नोव्हेंबर २००९ या काळात मुंबईतील एका रुग्णालयात आढळलेल्या कार्बापेनेमरोधी आंत्रजंतूंच्या २४ नमुन्यांपैकी २२ नमुन्यांत ते सापडले. अशा वेळी कोलिस्टिनासारखे, मूत्रपिंडास अपाय करू शकणारे औषध वापरण्याची पाळी येते.

चिकित्सा : या वर्गातील सर्व रुग्णांत रुग्णालयातील जंतूच असणार असे गृहीत धरून त्यांना आरंभापासून दोनतीन व्यापक प्रतिजैवे एकत्र देण्याची शिफारस २००५ मध्ये करण्यात आली. अनुभव निराळा आला. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एकत्रित आढाव्यात असे दिसले की, या व्याख्येवरून प्रतिरोधी जंतूंचा संसर्ग नेमका ओळखता येत नाही. या रुग्णांत मृत्यूचे प्रमाण अधिक होते. परंतु ते मुख्यतः उतारवय व जोडव्याधी यांमुळे होते. व्यापक औषधांनी त्यात अपेक्षित सुधारणा झाली नाही. त्यामुळे २०१६ मध्ये हा वर्ग रुग्णालयार्जित फुप्फुसशोथाच्या मार्गदर्शिकेतून गळला आणि २०१९ मध्ये तो वापरूच नये अशी स्पष्ट शिफारस झाली.

तथापि तीव्र आजारात योग्य औषध उशिरा मिळणे हेही घातक असते. म्हणून आजाराची तीव्रता, पूर्वी कफात आढळलेले प्रतिरोधी जंतू, मागील ९० दिवसांत रुग्णालयात शिरेतून घेतलेली प्रतिजैवे आणि त्या भागातील जंतूंची औषधसंवेदनशीलता यांवरून प्रारंभीची योजना ठरवितात. औषध सुरू करण्यापूर्वी शक्यतो कफ व रक्त यांचे नमुने जंतुसंवर्धनासाठी घेतात. सुमारे ४८ तासांनी अहवाल व रुग्णाची प्रकृती पाहून अनावश्यक औषधे थांबवितात. वर उल्लेखिलेल्या डायलिसिसच्या रुग्णात अशी कोणतीही कारणे नसतील, तर समाजार्जित प्रकाराचीच नेहमीची चिकित्सा पुरेशी ठरते.

रुग्णालयार्जित प्रकारात चिकित्सेचा काल सामान्यतः सात दिवसांचा असतो. फ्रान्समधील ५१ अतिदक्षता विभागांतील ४०१ रुग्णांवर केलेल्या व २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत आठ व पंधरा दिवसांच्या चिकित्सांमध्ये मृत्यूंच्या प्रमाणात लक्षणीय फरक आढळला नाही. मात्र स्यूडोमोनससारख्या जंतूंचा संसर्ग अल्प चिकित्सेनंतर अधिक वेळा उलटला. अकारण लांबविलेल्या चिकित्सेमुळे मोठ्या आतड्याचा शोथ, मूत्रपिंडास इजा व प्रतिरोधी जंतूंची वाढ हे धोके संभवतात.

प्रतिबंध : सेवकवर्गाने हात धुणे, अंथरुणास खिळलेल्या रुग्णाचे डोके उंच ठेवणे, मुखाची स्वच्छता राखणे, श्वासनलिकेतील नळी शक्य तितक्या लवकर काढणे आणि वृद्धांना इन्फ्ल्यूएंझा व न्यूमोकॉकस यांवरील लस टोचणे हे मुख्य उपाय होत. रुग्णालयातून घरी जाताना मिळणाऱ्या कागदावर दिलेल्या प्रतिजैवांची नावे, दिनांक व जंतुसंवर्धनाचे निष्कर्ष नोंदलेले असावेत. हा कागद रुग्णाने जपून ठेवल्यास पुढील आजारात गावातील वा तालुक्यातील वैद्यास केवळ वर्गनामावर विसंबून औषध निवडावे लागत नाही.