गाडीच्या दारापासून विमानतळाच्या दारापर्यंत

आपल्या वस्तीतली माणसेही आता विमानाने जातात. कुणाचा मुलगा दुबईला कामाला असतो, कुणाची मुलगी शिष्यवृत्तीवर परदेशात शिकते, कुणाला ऑपरेशनसाठी मुंबई गाठायची असते. सोबत लकव्याने एक बाजू गेलेले वडील किंवा पोलिओ झालेली बहीण असली, की तिकिटाइतकाच मोठा प्रश्न पडतो : गाडीतून उतरवायचे कुठे?

टर्मिनलपासून विमानापर्यंत आणि परतताना विमानापासून बाहेरच्या दारापर्यंत दिव्यांगांना मोफत मदत मिळाली पाहिजे, असा नियम आहे. त्यासाठी विमान कंपनीला 48 तास आधी कळवावे. पण गाडीपासून टर्मिनलच्या दारापर्यंतचे अंतर? तिथेच माणूस पडतो.

म्हणून राखीव पार्किंग लागते. ही जागा 3.6 मीटर रुंद आणि दारापासून 30 मीटरच्या आत असावी, असे सरकारी मापदंड सांगतात. रुंदी कशाला? गाडीचे दार पूर्ण उघडून शेजारी व्हीलचेअर लावता यावी म्हणून. जागा अरुंद असली की नातेवाईक रुग्णाला काखेत धरून ओढतात. लुळ्या हाताचा खांदा निखळतो, वयस्कर माणसाचे खुब्याचे हाड मोडते. वॉर्डात आम्ही अशी माणसे पाहिली आहेत.

उतरवताना एवढे करा :
• खुर्ची धड बाजूला तिरकी लावा, ब्रेक दाबा, पाय ठेवायच्या पट्ट्या वर करा.
• आधी पाय जमिनीवर टेकू द्या. लुळा हात ओढू नका, कमरेला आधार द्या.
• घाई करू नका. मागचा हॉर्न वाजवत असेल तर वाजवू द्या.

2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याचे कलम 41 विमानतळावरील पार्किंग आणि शौचालयाबद्दल स्पष्ट बोलते. सुगम्यतेचे नियम नुसत्या सूचना नकोत, बंधनकारक हवेत, असे सर्वोच्च न्यायालयानेही 8 नोव्हेंबर 2024 रोजी सांगितले. म्हणजे ही मेहरबानी नाही, हक्क आहे.

नागपूरच्या विमानतळाला बाबासाहेबांचे नाव आहे. तिथे किंवा आपल्या जवळच्या विमानतळावर गेलात, तर पाहून या : राखीव जागेची पाटी दिसते का? जागा मोकळी आहे की साहेबांची गाडी उभी आहे? दारापर्यंत उतार आहे की पायरी आडवी येते? रिक्षाने आलेल्या दिव्यांगाला तिथे थांबू देतात का? आपली बहुतेक माणसे रिक्षानेच येतात. राखीव जागा मोटारवाल्यासाठी नसते, न चालणाऱ्यासाठी असते.

उणीव दिसली तर फोटो काढा, तारीख-वेळ लिहा आणि विमानतळ संचालकांना लेखी कळवा. ‘एअरसेवा’वर तक्रार करता येते, पुण्याला दिव्यांग आयुक्तांकडेही दाद मागता येते. एकट्याने नको, वस्तीतले दहाजण सह्या करा.