खतावणी कोणत्या कप्प्यात?

आरमोरीसारख्या गावात दुकान आणि घर यांच्यामध्ये पुष्कळदा एका भिंतीचेच अंतर असते. धान, कोसा, किराणा, व्यापार कोणताही असो. रोजकीर्द आणि खतावणी आता घरातल्या संगणकात गेली आहे. त्याच यंत्रावर मुलांचा अभ्यास चालतो आणि लग्नसमारंभाची छायाचित्रेही तेथेच साठतात.

अशा संगणकात सी आणि डी असे दोन ड्राइव्ह दिसतात. (ए आणि बी ही अक्षरे पूर्वी फ्लॉपीसाठी होती, म्हणून मोजणी सी पासून.) विंडोज सी वर आणि हिशेब डी वर, ही विभागणी उत्तम आहे. विंडोज बिघडले आणि सी पुसावा लागला, तरी हिशेब शाबूत राहतो. मात्र टॅलीप्राइम बसवताना डेटाची जागा बदलली नाही, तर कंपनीची सारी माहिती सी वरच राहते. मग डी रिकामा आणि धोका मात्र तसाच! सी लहान करून नवा कप्पा काढण्याची सोय विंडोजच्या ‘डिस्क मॅनेजमेंट’मध्ये आहे, त्यापूर्वी प्रत काढलेली असावी. सी फार लहान ठेवणेही बरे नव्हे, कारण विंडोजची अद्ययावतीकरणे जागा खात राहतात.

येथेच मोठा गैरसमज होतो. सी वरील हिशेबाची नक्कल डी वर ठेवली की निश्चिंत, असे अनेकांना वाटते. पण सी आणि डी हे बहुधा एकाच तिजोरीचे दोन कप्पे असतात. तिजोरीच गेली तर दोन्ही कप्पे जातात. जुनी फिरती हार्डडिस्क अनेकदा आवाज करून इशारा तरी देते. एसएसडी पुष्कळदा काहीही न सांगता बंद पडते.

वस्तू व सेवा कर कायद्याच्या कलम 36 नुसार हिशेबाची कागदपत्रे वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम मुदतीपासून 72 महिने जपावी लागतात. 2024-25 चे विवरणपत्र 31 डिसेंबर 2025 पर्यंतचे धरले, तर तो हिशेब 2031 च्या अखेरपर्यंत हवा. अपघाताने नोंदी नष्ट झाल्या तरी त्या वाजवी वेळात परत उभ्या करता याव्यात अशी प्रत ठेवण्याचे बंधन नियम 57 घालतो.

म्हणून खरेदीला नागपूरला जाताना यादी विचारपूर्वक करावी. विंडोज व प्रोग्रामसाठी 500 जीबीची एसएसडी, 16 जीबी रॅम आणि यूपीएस; पावसाळ्यात वीज जाते तेव्हा यूपीएसची किंमत कळते. प्रोसेसरच्या वेगाच्या आकड्यांवर मात्र पैसे उधळू नयेत. हिशेबाला तेवढा वेग लागत नाही. त्याऐवजी 1 टीबीच्या दोन बाह्य हार्डडिस्क घ्याव्यात. त्यांवर 931 जीबी दिसले म्हणून दुकानदाराशी भांडू नये. मोजण्याची पद्धत वेगळी असते. जुने यंत्र विकत घेताना ते विंडोज 11 ला चालते का ते पाहावे, कारण विंडोज 10 चा नियमित आधार 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपला. बिलावर जीएसटी क्रमांक घालून घ्यावा. घरगुती वापराच्या हिश्श्याची करजमा मात्र मिळत नाही.

दोन्ही बाह्य डिस्क एकाच कपाटात नकोत. एक घरी, दुसरी वडशाच्या भावाकडे किंवा मुलीच्या सासरी, आणि दर पंधरवड्याला अदलाबदल. दिवाळीला वहीपूजनाच्या आधी एकदा त्या डिस्कवरील प्रत दुसऱ्या संगणकावर उघडून शिल्लक जुळते का, ते पाहून घ्यावे.