पानातील पोळी आणि देहाचे वजन

मी भाषेचा अध्यापक, वैद्य नव्हे. तथापि वजन उतरविण्यासाठी पोळी-भात वर्ज्य करण्याची जी लाट उज्जैनच्या मराठी घरांतही आली आहे, तिचा विचार करणे मला अगत्याचे वाटते. कल्पना जुनीच आहे. लंडनच्या विल्यम बँटिंग यांनी १८६३ साली पाव, साखर, बटाटे सोडून वजन घटविल्याची पुस्तिका काढली होती.

पिष्टमय अन्न सोडताच पहिल्या आठवड्यात वजन झपाट्याने उतरते, हे खरे. परंतु त्यात पाण्याचा वाटा मोठा असतो. शरीरात साठलेल्या प्रत्येक ग्रॅम ग्लायकोजनबरोबर सुमारे ३ ग्रॅम पाणी असते. साठा सरला की तेही जाते. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या २०१८ मधील ६०९ जणांच्या अभ्यासात वर्षअखेर अल्पपिष्ट गटाचे वजन सरासरी ६ किलो, तर अल्पस्निग्ध गटाचे ५.३ किलो घटले. हा फरक शास्त्रदृष्ट्या अर्थपूर्ण ठरला नाही. साखर व मैदा मात्र दोन्ही गटांना टाळावयास सांगितले होते.

तेव्हा प्रश्न प्रमाणाचा आहे. आपल्या माळव्यातील बाफला उकडून, भाजून, तुपात बुडवितात. म्हणजे पिष्ट आणि स्निग्ध दोन्ही आले. तेथे चाराऐवजी एक बाफला, डाळ दुप्पट, कोशिंबीर भरपूर आणि पोह्यांसोबतची जिलबी सणापुरती, असा नेम घरातील सर्वांना पाळता येतो, म्हणून तो टिकतो. मधुमेहाची औषधे घेणाऱ्यांनी मात्र पोळी-भात एकाएकी सोडू नये. रक्तातील साखर धोक्याइतकी उतरू शकते. त्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे, ही माझी कळकळीची विनंती आहे.